मुलीच्या हातातलं खुनाचं पुस्तक

"एवढ्या मोठ्या लायब्ररीत तुला खुनाचंच पुस्तक सापडलं का?" न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या मनुरेवा या उपनगरातल्या मराठी घरांत हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. अलीकडे पुस्तक बहुतेक वेळा एकच असतं: हॉली जॅक्सन या इंग्रज लेखिकेची २०१९ साली आलेली कादंबरी, 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर'. वाचणारी तेरा-चौदा वर्षांची मुलगी असते. विचारणारी तिची आई असते, भारतातून काही महिन्यांसाठी आलेली आजी असते, नाहीतर जेवायला आलेले कुणीतरी काका. मागच्या पानावरचा मजकूरसुद्धा न वाचता पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं जातं आणि "काहीतरी चांगलं वाच" असा हुकूम सुटतो. चांगलं म्हणजे काय, ते हुकूम सोडणाऱ्याला सांगता येत नाही. त्यानं स्वतः कित्येक वर्षांत एकही कादंबरी उघडलेली नसते.

'पोटच्या पोरीची काळजी आहे, जाऊ द्या' असं मला सांगू नका. मी हे जाऊ द्यायला तयार नाही. वाचणाऱ्या मुलीच्या हातातलं पुस्तक काढून घेणं हा तिचा अपमान आहे, आणि आमच्या घरांत तो रोज, निर्धास्तपणे, चार पाहुण्यांदेखत होतो.

रक्ताची भीती वाटते म्हणून, हे कारण तर कुणी पुढं करूच नये. ज्या घरांत हे पुस्तक मिटवलं जातं त्याच घरांत 'देवमाणूस' ताटावर बसून पाहिली गेली. वाईतल्या खऱ्या हत्याकांडावरून सुचलेली ती मालिका. गावाचा विश्वास कमावून एकेकीला संपवणारा डॉक्टर तिच्या केंद्रस्थानी. मुलं शेजारच्या खुर्चीवर वरणभात खात होती. 'सीआयडी' १९९८ पासून आपल्या दिवाणखान्यात आहे. 'क्राइम पेट्रोल'चे भाग आजी फोनवर लावून झोपी जातात. मुलगा कानाला हेडफोन लावून रात्री उशिरापर्यंत पडद्यावर गोळ्या घालत बसला, तर "जरा डोळ्यांना जप" एवढंच त्याला सांगितलं जातं. संस्कारांचा विषय निघतो तो मुलगी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन साडेचारशे पानांचं पुस्तक वाचायला बसते तेव्हा.

यातला फरक मला स्वच्छ दिसतो. 'देवमाणूस'मध्ये मारणारा कोण हे बघणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. त्यानं पुढचा बळी कोण एवढंच बघत राहायचं असतं. रहस्यकादंबरी वाचणारीला मात्र कामाला लावलेलं असतं. हा माणूस म्हणतो ते खरं कशावरून? त्या वेळी तो तिथं होता हे कुणी पाहिलं? आधी एक बोलला आणि मग दुसरं, ते का? मुलगी हे प्रश्न पुस्तकातल्या माणसांना विचारायला शिकते. एकदा सवय लागली की जेवणाच्या टेबलावरच्या माणसांनाही विचारते. आमच्या घरांना भीती वाटते ती या सवयीची. रक्ताशी तिचा काही संबंध नाही.

ज्या कादंबरीवर एवढा राग आहे तिच्यात काय आहे ते तरी ऐका. लिटल किल्टन नावाच्या काल्पनिक इंग्लिश गावात पाच वर्षांपूर्वी अँडी बेल ही शाळकरी मुलगी नाहीशी झाली. मागोमाग तिचा मित्र सॅल सिंग रानात मेलेला सापडला. त्याच्या फोनवरून कबुलीचा संदेश गेलेला होता. गावानं प्रकरण मिटवलं: यानंच मारलं आणि मग जीव दिला. अँडीचा मृतदेह मिळाला नाही. खटला उभा राहिला नाही. गावाला त्याची गरजही वाटली नाही. सॅलचे आईवडील आणि धाकटा भाऊ रवी त्याच गावात खुन्याचं कुटुंब म्हणून जगत राहिले. सतरा वर्षांची पिप शाळेच्या प्रकल्पासाठी नेमकं हेच प्रकरण घेते, कारण लहानपणी सॅल तिच्याशी चांगला वागलेला असतो आणि तिच्या डोक्यात ते गणित बसत नाही. पुढचं पुस्तक म्हणजे तिच्या नोंदी, मुलाखतींची टिपणं, नकाशा, संशयितांची यादी. प्रत्येक नोंदीनंतर ती यादी बदलते. पिप एखाद्याला दोषी धरते, पुरावा उलटा पडतो, आणि ती त्याचं नाव खोडते. तिचं मला सगळ्यात भावतं ते हे खोडणं. मोठ्या माणसांना नाव खोडताना मी फार क्वचित पाहिलं आहे.

सॅल सिंग. मनुरेवात वाढणाऱ्या मुलीला हे नाव परकं नाही. ग्रेट साउथ रोडवर नानकसर गुरुद्वारा आहे, तिच्या वर्गात सिंग आहेत, कौर आहेत, फिजीहून आलेली प्रसाद आणि कुमार आहेत, आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त माओरी, सामोअन आणि टोंगन मुलं आहेत. गोऱ्या गावानं सावळ्या मुलाला पुराव्याशिवाय खुनी ठरवलं, ही गोष्ट त्या वर्गात वाचली जाते तेव्हा ती इंग्लंडची राहत नाही.

आणि आता आमच्याबद्दल. ७ जून २००८ च्या रात्री मनुरेवातल्या रँडविक पार्कमध्ये, रिव्हरटन ड्राइव्हवरच्या दारूच्या दुकानात दरोडा पडला. पंजाबी मालकानं गल्ल्यातले पैसे देऊन टाकले, तरी त्याला गोळी घातली गेली. पोलीस धोक्याचा अंदाज घेत बाहेर थांबले, रुग्णवाहिकाही थांबली. दुसऱ्या दिवशी तो गेला, मागे तीन लहान मुली ठेवून. पोलिसांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेनं पुढं या दिरंगाईवर ठपका ठेवला. गोळी झाडणाऱ्याला खुनाची शिक्षा झाली, त्याच्याबरोबरच्यांना दरोड्याची.

हे न्यायालयानं ठरवलं. आमच्या लोकांनी त्याच्या कितीतरी आधी वेगळा निकाल देऊन ठेवला होता आणि तो आजही चालू आहे: ही वस्तीच तशी, ही पोरंच तशी, यांच्यात आपली मुलं नकोत. या निकालावर संसार हलले. घर विकून उत्तरेला जायचं, नावाजलेल्या 'ग्रामर' शाळांच्या प्रवेशहद्दीत, म्हणजे ग्रामर झोनमध्ये, एक खोली कमी मिळाली तरी चालेल, पण 'साउथ'मधून बाहेर पडायचं. जे गेले नाहीत ते पत्ता सांगताना मनुरेवा म्हणत नाहीत, "बोटॅनिक गार्डनजवळ" म्हणतात. शेजारच्या माओरी घरातल्या मुलानं आमच्या मुलीला शाळेतून घरापर्यंत सोबत केली, तर त्याचे आभार न मानता तिलाच विचारलं जातं, "कोण होता तो?" त्या मुलानं केलं काय? काही नाही. रँडविक पार्कमध्ये त्या खुनानंतर रहिवासी एकत्र आले, रात्रीची गस्त घालू लागले, मुलांसाठी जागा मागू लागले. आज रिव्हरटन ड्राइव्हवर 'मनु तुकुतुकू' हे समाजकेंद्र उभं आहे. आमच्या बैठकींत २००८ चा खून अजून निघतो, पण हे केंद्र कधी निघत नाही.

याच घटनेवरून सॅम पीकॉक या दिग्दर्शकानं २०१० साली 'मनुरेवा' नावाचा लघुपट केला. २०११ च्या बर्लिन महोत्सवात 'जनरेशन १४ प्लस' या विभागात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं. त्या विभागाचं हे पारितोषिक किशोरवयीन मुलांचं परीक्षक मंडळ देतं. म्हणजे आमच्या गल्लीतला खरा खून जर्मनीतल्या कोवळ्या मुलांपुढं ठेवता आला, त्यांनी तो पाहिला, त्यावर विचार केला, त्याला बक्षीस दिलं. आणि ज्या गल्लीत तो घडला तिथल्या चौदा वर्षांच्या मराठी मुलीनं काल्पनिक गावातला काल्पनिक खूनही वाचायचा नाही. तिच्या बुद्धीबद्दल आमचं एवढंच मत असेल, तर तिला डॉक्टर करण्याची स्वप्नं कशाच्या जोरावर बघतो आहोत?

"हे सगळं कादंबरीत ठीक, खऱ्या आयुष्यात पोलीस आहेत, कोर्ट आहे," असं मला एका गृहस्थांनी समजावलं. ते ज्या रस्त्यानं रोज कामावर जातात त्याच रस्त्याचा इतिहास त्यांना माहीत नव्हता, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

मनुरेवातून ग्रेट साउथ रोडनं उत्तरेला निघालात की पापाटोएटोए लागतं. १९९२ च्या मार्चमध्ये तिथं ३९ वर्षांच्या एका बाईवर तिच्याच घरात बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. वर्षभरानं टेइना पोरा हा सतरा वर्षांचा माओरी मुलगा दुसऱ्याच कारणावरून पोलिसांच्या हाती लागला. चार दिवस चौकशी चालली. वकील जवळ नव्हता. त्यानं कबुली दिली. ज्या घरात आपण होतो असं तो सांगत होता ते घर त्याला दाखवता आलं नाही, ते पोलिसांनी त्याला दाखवलं. १९९४ मध्ये तो दोषी ठरला. मृतदेहावर मिळालेला डीएनए पुढं मॅल्कम रेवा या अट्टल बलात्काऱ्याचा निघाला, आणि रेवा एकटाच हल्ले करायचा. त्यामुळं पोराचा पहिला निकाल रद्द झाला. पण २००० साली फेरखटल्यात ज्युरीनं पोराला पुन्हा दोषी धरलं, कारण कबुली होती ना. टिम मॅकिनेल हा पूर्वीचा पोलीस, नंतरचा खासगी तपासनीस. तो त्या मुलाखतींकडे परत गेला, वकील जमवले, वर्षानुवर्षं प्रकरण सोडलं नाही. पोराच्या मेंदूची वाढ तो आईच्या पोटात असतानाच दारूनं खुंटली होती, हे तज्ज्ञांनी दाखवून दिलं. ३ मार्च २०१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं त्याची शिक्षा रद्द केली. तोवर त्याची वीसहून अधिक वर्षं तुरुंगात गेली होती. रेवाला त्या खुनाबद्दल शिक्षा झाली २०१९ मध्ये.

दक्षिणेला निघालात तर पापाकुरा, ट्रेननं काही मिनिटांवर. १९८५ च्या ऑक्टोबरात तिथं एका माणसाचा त्याच्या घरात शिरलेल्या हल्लेखोरानं खून केला. ॲलन हॉल या तरुणाला १९८६ मध्ये जन्मठेप झाली. त्या रात्री पळणारा माणूस एका साक्षीदारानं पाहिला होता आणि तो माओरी होता असं त्यानं ठामपणे सांगितलं होतं. हॉल गोरा. मग पोलिसांनी काय केलं? साक्षीदाराच्या जबाबातून ते वाक्यच काढून टाकलं आणि उरलेला जबाब ज्युरीला वाचून दाखवला. ते एक वाक्य परत मिळवायला हॉलच्या घरच्यांनी आयुष्य खर्ची घातलं. ८ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली तेव्हा हॉल साठीच्या घरात होता आणि त्याची एकोणीस वर्षं तुरुंगात गेली होती. इथं अन्याय गोऱ्या माणसावर झाला हे मी मुद्दाम सांगते. रोग वंशद्वेषापेक्षा जुना आहे. आधी माणूस ठरवायचा आणि मग कागद त्याच्या मापाचे कापायचे.

आणखी खाली पुकेकावा. १९७० च्या जूनमध्ये तिथल्या क्रू या शेतकरी जोडप्याचा खून झाला. आर्थर ॲलन थॉमस या दुसऱ्या शेतकऱ्याला दोन वेळा दोषी ठरवण्यात आलं, ते बागेत सापडलेल्या एका काडतुसाच्या जोरावर. जिम स्प्रॉट या रसायनतज्ज्ञानं त्या काडतुसाच्या बुडावरच्या अक्षरांची ठेवण तपासली. असंख्य काडतुसं ताडून पाहिली आणि दाखवून दिलं की मृतांच्या शरीरात मिळालेली गोळी त्या घडणीच्या काडतुसात बसलेली असूच शकत नाही. थॉमसला १९७९ मध्ये माफी मिळाली. १९८० मध्ये रॉयल कमिशननं सांगितलं की ते काडतूस पोलिसांनीच तिथं ठेवलं होतं.

एका अक्षराची ठेवण, एक गाळलेलं वाक्य, न सापडलेलं एक घर. या तिन्ही माणसांना बाहेर काढलं ते अशा बारीक गोष्टींवर बोट ठेवून बसणाऱ्या हट्टी माणसांनी. बाकी सगळा समाज, सुशिक्षित, सज्जन, करदाता, 'काहीतरी केलं असेल म्हणूनच पकडलं' म्हणत आपापल्या कामाला लागला होता. पिप ज्या पद्धतीनं कबुलीच्या संदेशाकडे बघते, वेळा जुळवते, कुणी जबाब का बदलला हे विचारते, ती पद्धत या हट्टी माणसांची आहे. ती चौदाव्या वर्षी शिकवू नका, असं म्हणणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न आहे: मग कधी? सतराव्या वर्षी चौकशीच्या खोलीत?

मायदेशाबद्दल ज्यांच्या मनात अजून भाबडी चित्रं आहेत त्यांच्यासाठी नाशिकचं उदाहरण. २००३ च्या जूनमध्ये नाशिकजवळच्या एका मळ्यात एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जण मारले गेले, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हेसुद्धा नंतर, फाशीच्या सावलीत काही वर्षं काढल्यावर सिद्ध झालं. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळीच चार माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. का झाला नाही हे महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून ज्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला. गावाच्या वेशीवर पाल पडलं की दारं लावून घेणाऱ्या आपल्या घरांतून तो अजून गेलेला नाही. मनुरेवात आल्यावर तोच शिक्का आम्ही शेजाऱ्यांवर मारला. सामानाबरोबर आणलाच होता.

किशोरांच्या हातातून पुस्तक काढण्याचा उद्योग या देशानं सरकारी पातळीवरही करून पाहिला आहे. टेड डॉ यांच्या 'इनटू द रिव्हर' या कादंबरीला २०१३ साली इथला मुलांच्या पुस्तकांसाठीचा सर्वात मोठा सन्मान मिळाला. नायक 'ते आरेपा' नावाचा खेड्यातला माओरी मुलगा, शिष्यवृत्तीवर ऑकलंडच्या श्रीमंत निवासी शाळेत येतो आणि तिथं त्याचं नावसुद्धा टिकू दिलं जात नाही. एका कुटुंबवादी संघटनेनं तक्रारी केल्या, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये पुस्तकावर तात्पुरती बंदी आली. विकणं, उसनं देणं, मांडून ठेवणं, सगळं बेकायदा. व्यक्तीला ३,००० डॉलरपर्यंत दंड, संस्थेला १०,०००. लायब्ररीतल्या प्रती कपाटांतून उचलल्या गेल्या. १४ ऑक्टोबरला बंदी उठली, वयाची अटही उरली नाही. इथं निदान तक्रार लेखी होती, मंडळ होतं, तारीख होती, निकाल बदलण्याची सोय होती. आमच्या घरातल्या बंदीला अपील नाही.

"मराठी वाच की!" हा दुसरा हुकूम. तो ऐकला की माझा संताप वाढतो. काय वाचायचं तिनं मराठीत? तिच्यासाठी आम्ही काय ठेवलं आहे? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या नावांवर दोन पिढ्या वाचायला शिकल्या. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा पल्ला ओलांडला. त्या पुस्तकांनी मराठीला जेवढे वाचक दिले तेवढे पुरस्कारांच्या यादीतल्या कितीतरी कादंबऱ्यांना मिळाले नाहीत, आणि तरी समीक्षेनं त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे दिला. चपळ, चौकस, अन्याय दिसला की सायकल वळवणारा. त्याला अर्धं शतक झालं. २०१७ मध्ये चित्रपट आला तेव्हा त्यालाच मोठा करून पडद्यावर आणावा लागला, कारण त्याच्यानंतर त्याच्या तोडीचं कुणी घडवलंच नव्हतं. आणि फेणे मुलगा. मुलीनं तपास करायचा, ही कल्पना आपल्या किशोरसाहित्याच्या मुख्य वाटेवर अजून आलेली नाही.

बंगालीत १९६५ साली सत्यजित राय यांनी 'संदेश' या मुलांच्या मासिकात फेलूदा आणला. राय यांच्या आजोबांनी सुरू केलेलं घरंदाज मासिक ते. त्यात चोऱ्या होत्या, खूनही होते, आणि कुणा बंगाली आईनं त्याबद्दल मासिक बंद केल्याचं मी ऐकलेलं नाही. राय यांना मुलांच्या अकलेवर विश्वास होता. फेलूदा मराठीत अशोक जैन यांनी आणला, म्हणजे आपली ही भूकही शेवटी अनुवादानं भागली. आपले प्रकाशक चौदा वर्षांच्या मुलीला थोरांची चरित्रं देतात, बोधकथा देतात, आणि 'श्यामची आई' देतात. ते पुस्तक मोठं आहे. पण १९३० च्या दशकातलं ते एक पुस्तक आजच्या मुलीच्या सगळ्या वयाला पुरवायचं, ही साने गुरुजींवरची भक्ती नव्हे, नवं लिहिण्याचा आळस आहे. तिच्या वर्गातली एखादी मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही, सगळे कुजबुजत आहेत, शिक्षक गप्प आहेत, एका मुलाकडे सगळ्यांची बोटं वळली आहेत: अशी कादंबरी मराठीत तिच्या हातात ठेवा आणि मग भाषेच्या नावानं गळे काढा.

या पुस्तकांत सगळं उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. हॉली जॅक्सनच्या मालिकेचा तिसरा भाग, 'ॲज गुड ॲज डेड', मला मान्य नाही. तिथं पिप स्वतःच कायद्याची हद्द ओलांडते, आणि ज्या पुराव्याच्या शिस्तीवर ती उभी होती तीच शिस्त ती उलटी वापरते. लेखिका तिला ज्या सहानुभूतीनं तिथं नेते ती मला खटकली. करेन मॅकमॅनसची 'वन ऑफ अस इज लाइंग' वाचताना शेवटाकडे घाई जाणवते. पण हे मी मनुरेवातल्या मुलींशी बोलले तेव्हा त्यांनी मला सोडलं नाही. पोलिसांनी पिपचं ऐकलं असतं तर ती तिथवर गेली असती का, असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, की तरीही ते चूकच, आणि कुठल्या प्रकरणापासून चुकलं ते पान उघडून तिनं दाखवलं. न्याय, सूड, कायदा यांवर असं नेमकं बोलणं मी आमच्या मोठ्यांच्या बैठकीत ऐकलेलं नाही. तिथं घरांच्या किमती, व्याजाचे दर आणि कुणाचा मुलगा कुठल्या झोनमध्ये, एवढ्यावर रात्र सरते.

म्हणून आईबापांकडे माझी मागणी आहे. पुस्तक तिला पूर्ण करू द्या आणि मग तिच्याकडून मागून घेऊन स्वतः वाचा. हिल रोडवरच्या मनुरेवा लायब्ररीत ते फुकट मिळतं. नसेल तर शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही शाखेतून मागवता येतं. २०२१ पासून उशिराचा दंडही राहिलेला नाही, त्यामुळं सबब चालणार नाही. वाचून झालं की तिच्यासमोर बसा. ती सॅल सिंगबद्दल विचारेल. पोरा आणि हॉल कोण होते हे तुम्ही सांगू शकाल. मग ती आपल्या घराबद्दल विचारेल: शेजारच्या मुलानं माझ्याशी बोलू नये असं तुम्ही म्हणालात, त्यानं काय केलं होतं? कुणी पाहिलं? कधी? आपण इथून घर हलवायचं ठरवतो आहोत ते कशावरून? या प्रश्नांना उत्तर असेल तर द्या. नसेल तर तिच्या वहीतून त्या मुलाचं नाव खोडलं जाईल, आणि ते तुम्हाला मान्य करावं लागेल.